हशाचा पैसा कुठे गेला? : पु. ल. देशपांडे यांच्याकडे पुन्हा बघताना

संयोजकांनी मला पहिल्यांदा विषय कळवला तेव्हा तो होता, 'दानशूर पु. ल.' मी म्हटलं, तो 'दानशूर' तेवढा काढा, मग मी येतो. (हशा) हसू नका, मी गंभीरपणेच म्हटलं होतं. 'दानशूर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कर्ण येतो. कवचकुंडलं काढून देणारा. आणि कर्ण आला की प्रश्न संपतात. देणं हा त्याचा स्वभावच, त्यात विचारायचं काय? पुलंच्या बाबतीत आपण गेली कित्येक वर्षं हेच केलं आहे. माणूस मोठा, मन मोठं, म्हणून दिलं. झालं. पुढे लगेच 'म्हैस' नाहीतर 'चितळे मास्तर' लावायला मोकळे.

मला आज थोडं वेगळं बोलायचं आहे. ज्या माणसानं उभ्या महाराष्ट्राला हसवलं, त्याच माणसानं त्या हसण्याचे पैसे अशा ठिकाणी नेऊन ठेवले, जिथे त्याचा विनोद कधी गेला नव्हता. ही मला नुसती सज्जनपणाची गोष्ट वाटत नाही. मला त्यात पुलंनी स्वतःच्याच विनोदावर केलेली टीका दिसते. शब्दांत न केलेली, चेकबुकातून केलेली. आता हे जरा धाडसी विधान आहे, तेव्हा सावकाश जाऊ या.

आधी विनोदाकडे. 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपानं आली 1958 मध्ये. 1961 मध्ये पुलं ती एकट्यानं रंगमंचावर करायला लागले. त्या वेळच्या प्रेक्षकाला ही काय चीज वाटली असेल याची कल्पना आज करणं अवघड आहे, कारण आपल्याला एकपात्री प्रयोगाची आता सवय झाली आहे. गल्लीतल्या गणेशोत्सवातसुद्धा एकपात्री असतो. पण तेव्हा एक माणूस, फारसं नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, आणि अख्खी चाळ समोर उभी. त्रिलोकेकर बोलायला लागले की त्रिलोकेकर, पंत उपासाला बसले की पंत. आवाज बदलतो, खांदा किंचित वाकतो, आणि माणूस बदलतो.

आता या चाळीत कोण राहतं ते बघा. कारकून, मास्तर, पेन्शनर, गाण्याची हौस असलेले, नाटकाची हौस असलेले, प्रवासाची हौस पण पैसे नसलेले. पांढरपेशी, खालच्या मध्यमवर्गातली माणसं. महिनाअखेर कशी ढकलायची ही त्यांची चिंता. आणि कोण राहत नाही? गिरणीतला कामगार राहत नाही. गिरगावापासून लालबाग-परळ म्हणजे ट्रामचा प्रवास. तिथे भोंगे वाजत होते, तिथेही चाळीच होत्या, एकेका खोलीत दहा-दहा बारा-बारा माणसं पाळीपाळीनं झोपत होती. तो भोंगा बटाट्याच्या चाळीत ऐकू येत नाही. मी पुलंना दोष देत नाहीये. लेखकानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं. जोगेश्वरी, पार्लं, गिरगाव हे त्यांचे डोळे. पण समीक्षकानं निदान कुंपण कुठे आहे ते तरी सांगायला हवं की नको?

त्यातलं 'गच्चीसह झालीच पाहिजे' घ्या. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अजून चालू होती. राज्य झालं 1960 मध्ये, पुस्तक त्याच्या आधीचं. फ्लोरा फाउंटनला माणसं गोळीबारात मेली होती. आणि हा माणूस 'मुंबईसह'च्या जागी 'गच्चीसह' घालतो! ही हिंमत साधी नव्हे. आज कुणी चालू चळवळीवर असं लिहून दाखवावं. पण त्या विनोदाची दिशा नीट बघा. तो चळवळीला हसत नाही. तो आपल्याला हसतो. मोठ्यातली मोठी मागणी आपल्या हातात आली की ती वाळवणाच्या गच्चीएवढी कशी होते, हे तो दाखवतो. हा चांगला विनोद आहे, खोल विनोद आहे. पण तो हसतो कुणाला? पुन्हा आपल्यालाच. नाट्यगृहात पुढच्या तीन रांगांत बसलेल्यांना.

'व्यक्ती आणि वल्ली'मध्ये कुंपण थोडं सरकतं. नामू परीट आहे, बबडू आहे. पण नामू परीट आपल्याला दिसतो तो कसा? गिऱ्हाइकांचे कपडे स्वतःच घालून हिंडणारा. म्हणजे ज्याचा शर्ट नामूनं घातला आहे, त्या शर्टवाल्याच्या नजरेतून. पुलं त्याच्यावर प्रेम करतात, यात शंकाच नाही. सगळ्यांवरच करतात. पण कॅमेरा शर्टवाल्याच्या खांद्यावर आहे. नामूच्या घरात तो कॅमेरा गेला असता तर काय दिसलं असतं?

मी हे बोलतो आहे ते नवीन नाही हं. साठोत्तरी पिढीनं, लघुनियतकालिकवाल्यांनी, नंतर ग्रामीण आणि दलित साहित्यानं हा आक्षेप घेतलेलाच आहे. कधी न्यायानं, कधी जरा दात-ओठ खाऊन. आक्षेप असा की हा विनोद कुणाला दुखवत नाही, आणि जो कुणालाच दुखवत नाही तो काही बदलतही नाही. यावर पुलंभक्तांचं ठरलेलं उत्तर असतं, 'निर्विष विनोद'! मला हा शब्द कधीच आवडला नाही. निर्विष असतं ते फुरसं नव्हे, गांडूळ. (हशा) पुलंना गांडूळ कशाला करता?

खरं म्हणजे विष होतं. ते त्यांनी विनोद संपल्यावर ठेवलं. अंतू बर्वा आठवा. रत्नागिरीचा तो तिरकस म्हातारा. गावात वीज येते, आणि त्याला वीज नको असते. का? तर उजेडात दिसणार काय, घरातलं दारिद्र्यच ना. हे ऐकताना प्रेक्षक आधी हसतो, आणि हसण्याच्या शेवटाला काहीतरी घशात अडकतं. ध्वनिमुद्रण लावून बघा. हशा सुरू होतो तितका तो संपताना मोकळा राहत नाही. 'चाळी'चंही तेच आहे. सगळी धमाल झाल्यावर शेवटी 'एक चिंतन' येतं आणि विनोदी लेखक बाजूला होतो. काही लोकांना तो भाग भाबडा वाटतो. मलाही पूर्वी वाटायचा, थोडा अजूनही वाटतो. पण त्यात एक गोष्ट स्वच्छ आहे. हसवून जे झालं त्यात या माणसाचं समाधान झालेलं नाही. काहीतरी उरलं आहे. ते कुठे ठेवायचं हे त्याला लिहिताना सापडत नाही, म्हणून तो हळवा होतो. मला वाटतं, पुलंच्या लेखनात जिथे जिथे हळवेपणा येतो तिथे तिथे हे उरलेलं आहे. तो गुण आहे की दोष, यावर भांडता येईल.

आता पैशाकडे येऊ. आपण मराठी माणसं साहित्यावर बोलताना पैशाकडे येत नाही, आपल्याला ते जरा हलकं वाटतं. पण रंगभूमी हा धंदा आहे. प्लॅन उघडायचा, तिकिटं खपायची, नटांना नाईट द्यायची, ट्रक, नेपथ्य, पडदा ओढणारा, चहावाला. एक नाटक कंपनी म्हणजे वीस-पंचवीस पोटं. 'चाळी'च्या प्रयोगात पोटं किती? रंगमंचावर एक, आणि विंगेत सुनीताबाई. थोडी मदतनीस मंडळी धरा. आणि समोर हाऊसफुल्ल. हे अर्थशास्त्र कुणी नीट मांडत नाही. एकपात्रीत जी शिल्लक पडते ती नेहमीच्या नाटकात पडूच शकत नाही. त्यात वर पुस्तकांची रॉयल्टी. आणि खर्च? मूलबाळ नाही, राहणी साधी, आणि हिशेब सुनीताबाईंच्या हातात. ज्यांनी 'आहे मनोहर तरी' वाचलं असेल त्यांना त्या हाताची पकड कशी होती ते सांगायला नको.

तेव्हा साठच्या दशकाच्या मध्यावर या दोघांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशन नावाचा सार्वजनिक न्यास केला. लक्षात घ्या, तेव्हा पुलं पंचेचाळिशीत होते. निवृत्तीनंतरची, म्हातारपणी पुण्य जोडायची ही गोष्ट नाही. 1965 ला साहित्य अकादमी, 1966 ला पद्मश्री. तिकीटबारीवर लोक रांगा लावून उभे होते. आणि नेमकं त्याच सुमाराला त्यांनी हे खेळ हळूहळू बंदही करत आणले. जे दुकान सगळ्यात जास्त चालतं आहे तेच बंद करायचं, हे कुठल्या व्यापाऱ्याला सुचेल? पुढे पन्नाशीला आल्यावर हा माणूस शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकायला विद्यार्थी म्हणून बसला. 'वंगचित्रे' त्यातूनच आलं.

मदतीचे प्रयोग आपल्याकडे आधीही होतेच. ती परंपरा जुनी आहे. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन दिग्गजांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केला, तो प्रयोग दंतकथा होऊन बसला आहे. शाळेच्या इमारतीसाठी, वाचनालयासाठी गावोगाव प्रयोग व्हायचे. पुढे ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू, निळू फुले अशा मंडळींनी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' गावोगाव नेलं. तेही विनोदी नाटकच, आणि पैसा चालला पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाला. मला तो प्रयोग फार आवडतो. अत्र्यांच्या हशांवर कुणा तरी कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटते आहे! पण या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. प्रेक्षकाला माहीत असतं की आज आपण मदत करतो आहोत. तो तिकीट घेतो आणि वर थोडं पुण्यही घेऊन घरी जातो.

पुलंच्या प्रेक्षकाला तसलं पुण्य मिळालं नाही. तो हसायला आला, हसून गेला. त्याच्या तिकिटाचं पुढे काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो पटवायला मी जरा बाहेरची उदाहरणं घेतो.

अमेरिकेत डॅनी थॉमस नावाचा विनोदी नट होता. त्यानं मेम्फिसला मुलांच्या गंभीर आजारांसाठी सेंट ज्यूड हे संशोधन रुग्णालय काढलं, 1962 मध्ये. आज ते जगातल्या नावाजलेल्या रुग्णालयांपैकी आहे. जेरी लुईस तर आपल्याकडेही लोकांना ठाऊक आहे. तो 1966 पासून चार दशकांहून जास्त काळ दरवर्षी लेबर डेला टीव्हीवर तासन्‌तास कार्यक्रम करून स्नायूंच्या दुर्धर आजारासाठी पैसे गोळा करायचा. प्रचंड पैसे जमले, यात वाद नाही. पण पुढे अपंग कार्यकर्त्यांनीच त्याच्यावर टीका केली, की बाबा, तू आमची कीव विकतो आहेस. पडद्यावर लहान मूल आणायचं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायचं आणि फोन वाजायला लावायचे. फ्रान्समध्ये कोल्युश होता. अत्यंत जहाल, उर्मट विनोदवीर. त्यानं 1985 मध्ये रेडिओवरून हाक दिली आणि गरिबांना फुकट जेवण देणारी 'रेस्तो द्यु कर'ची चळवळ उभी राहिली. पुढच्याच वर्षी तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. चळवळ अजून चालू आहे.

या तिघांमध्ये आणि पुलंमध्ये काय फरक? त्या तिघांच्या बाबतीत विनोदी नटाचा चेहरा हेच पैसे गोळा करायचं साधन होतं. चेहरा काढा, काम थांबतं, निदान सुरुवातीला तरी. पुलंनी चेहरा आणि पैसा यांच्यामध्ये भिंत घातली. रंगमंचावर आनंदवनाचा उल्लेख करून कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलं नाही. हसवायच्या वेळी हसवलं, द्यायच्या वेळी दिलं. एकाचा दुसऱ्यासाठी वापर केला नाही. न्यासाला त्यांचं नाव होतं, ते खरं. पण ज्यांना दिलं त्यांच्या दारावर आपली पाटी लागावी यासाठी धडपड केली नाही. स्वतःची संस्थाही काढली नाही. दुसऱ्यांच्या कामात पैसे घातले.

कोणाच्या कामात? इथे तपशील महत्त्वाचा. आनंदवन, म्हणजे बाबा आमट्यांचं कुष्ठरुग्णांचं काम, वरोऱ्याजवळ. पुलं आणि सुनीताबाई तिथे वारंवार जात, राहत. कुष्ठरोग्याच्या शेजारी बसणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. शिकलेली माणसंसुद्धा हात मागे घ्यायची.

दुसरं उदाहरण मुक्तांगणचं. 1986 साल. अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर लेखमाला लिहिली. पुण्या-मुंबईतली तरुण पोरं कशी त्यात संपत होती त्याचं ते वर्णन होतं. लाखो लोकांनी वाचलं, हळहळले, पान उलटलं. पुलं-सुनीताबाईंनी वाचलं आणि विचारलं, यावर काही करता येईल का? फाउंडेशनतर्फे एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, पुलंच्या हस्ते.

येरवड्याचं मनोरुग्णालय. आता तुम्ही आणि मी, दोघंही प्रामाणिक राहू. मराठी विनोदात 'येरवडा' हा शब्द कशासाठी वापरतात? वेड्याच्या विनोदासाठी. आणि दारुड्या? मराठी नाटकात दारुड्या आला की हशा ठरलेला. 'एकच प्याला'तले तळीराम आणि त्याची मंडळीसुद्धा हशाच देऊन जातात, आणि ते नाटक तर शोकांतिका आहे! विनोदाच्या परंपरेनं ज्यांना फक्त विदूषक म्हणून पाहिलं होतं, तो वेडा, तो बेवडा, त्यांच्या दाराशी मराठीतला सगळ्यात लोकप्रिय विनोदकार जाऊन उभा राहतो आणि तिथे हसवत नाही. तिथे लाख रुपये ठेवतो आणि मागे सरतो. मी मघाशी चेकबुकातून केलेली टीका म्हटलं ती ही. आपल्या विनोदाला जिथे पोचता येणार नाही, किंवा पोचला तर तो क्रूर होईल, ती जागा त्यांनी ओळखली होती.

पुलंना स्वतःला हे कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. पुरावा त्यांच्या वाचनात आहे. 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा त्याचं मनापासून स्वागत करणाऱ्यांत पुलं पुढे होते. ज्या पुस्तकात चाळीचा दुसरा चेहरा आहे, कावाखाना आहे, त्याला 'बटाट्याची चाळ'चा लेखक हात जोडतो. हे सौजन्य नव्हे. आपल्या चाळीत कोण नव्हतं, ते त्यांना त्या पुस्तकात भेटलं. त्यांच्या निधनानंतर आलेल्या लेखसंग्रहाचं नाव आहे 'एक शून्य मी'. नाव तेवढं पुरेसं आहे. ज्यांना पुलं म्हणजे फक्त कोट्या आणि खमंग किस्से वाटतात त्यांनी ते पुस्तक वाचावं.

आता तुम्ही म्हणाल, मग त्यांनी त्यावर लिहिलं का नाही? आनंदवनातल्या माणसाची एक वल्ली का नाही लिहिली, अंतू बर्व्याच्या तोडीची? इथे माझी पुलंबद्दलची तक्रार आहे, आणि ती मी आवरून धरणार नाही. देण्यात जेवढे ते धीट होते तेवढे लिहिण्यात झाले नाहीत. पैसा कुंपण ओलांडून गेला, लेखणी कुंपणाशी थांबली आणि तिथून पलीकडच्यांना नमस्कार करत राहिली. नमस्कार सुंदर आहेत. बाबा आमट्यांवर, आपल्या गणगोतावर त्यांनी भरभरून लिहिलं. पण नमस्कार करणारा लेखक विनोद करत नाही. आणि पुलंची खरी ताकद नमस्कारात नव्हती, तिरक्या नजरेत होती. ती तिरकी नजर घेऊन ते पलीकडे गेले असते तर मराठी विनोदाचा इतिहास वेगळा झाला असता असं मला वाटतं. कदाचित त्यांना भीती वाटली असेल, की तिथे हसणं म्हणजे पाप. ती भीती चुकीची होती हे पुढे दलित आत्मकथनांनीच सिद्ध केलं. त्यांत विनोद ठासून भरलेला आहे. भुकेवरचा, मेलेल्या ढोरावरचा. पण तो आतून आलेला आहे. बाहेरून आलेल्याला तो करता आला असता का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

अपवाद एकच, आणि तो सार्वजनिक आहे. आणीबाणी. 1977 च्या निवडणुकीत पुलं भाषणं करत हिंडले, आणि तिथे त्यांच्या विनोदाला दात होते. लोक हसत होते आणि चिडत होते, दोन्ही एका वेळी. निवडणूक संपली, जनता पक्ष आला, हा माणूस काहीही न मागता परत घरी. 1996 मध्ये महाराष्ट्र भूषण स्वीकारताना त्यांनी ठोकशाहीबद्दल नापसंती बोलून दाखवली. पुरस्कार देणाऱ्यांचंच राज्य होतं. त्यावरून काय गदारोळ झाला तो तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. तेव्हा ते आजारी होते, पार्किन्सननं शरीर थकलेलं होतं.

एका व्यक्तीबद्दल मी अजून पुरेसं बोललो नाही आणि तो अन्याय आहे. सुनीताबाई. आपण 'पुलंनी दिलं' म्हणतो. पण 'आहे मनोहर तरी' वाचल्यावर मला तरी 'त्या दोघांनी दिलं' असंच म्हणावंसं वाटतं, आणि कधी कधी 'तिनं द्यायला लावलं' असंही. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही रत्नागिरीची मुलगी. पुलं स्वभावानं उधळे, मैफलीचे, गप्पांचे. पैसा उधळणारा माणूस दाता होतोच असं नाही. पुष्कळदा तो मित्रांच्या चहापाण्यात संपतो. दान द्यायला आधी तो साठावा लागतो, आणि साठवायला कुणीतरी नको म्हणावं लागतं. प्रयोगाच्या अटी, वेळेवर पडदा, हिशेब, पत्रव्यवहार, कुणाला हो आणि कुणाला नाही. 'नाही' म्हणायचं काम बहुतेक त्यांच्याकडे. म्हणून महाराष्ट्रानं भाईंना लाडकं म्हटलं आणि सुनीताबाईंना कडक. 1990 मध्ये ते आत्मचरित्र आलं तेव्हा भाईंच्या भक्तांनी त्यांच्यावर राग धरला, की आमच्या देवाबद्दल असं कसं लिहिलं? मला वाटतं, पुलंवरची उत्तम समीक्षा कुणी केली असेल तर ती त्या पुस्तकानं. समीक्षकांनी कुंपण दाखवलं, त्यांनी कुंपणाच्या आतला माणूस दाखवला.

'व्यक्ती आणि वल्ली'मधला नारायण तुम्हाला आठवतो ना? लग्नघरातला नारायण. बस्त्यापासून वाजंत्र्यांपर्यंत सगळं त्याच्या अंगावर, आणि लग्न लागल्यावर त्याची आठवण कुणाला नाही. आपण तो वाचून हसतो आणि शेवटी हळवे होतो. मला कधी कधी वाटतं, पुलंच्या संसारातला नारायण विंगेत उभा होता आणि त्याला साडी होती. (हशा) हे हसण्यावारी नेऊ नका हं.

वारशाबद्दल थोडंसं. 2019 मध्ये जन्मशताब्दी झाली, दोन भागांत चित्रपट आला, घराघरात ध्वनिफिती पुन्हा वाजल्या. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुलंच्या नावाचं उद्यान आहे, जपानी पद्धतीचं, छान आहे. मुंबईत प्रभादेवीला त्यांच्या नावाची कला अकादमी आहे. ही नावं सरकारनं, महापालिकेनं दिली. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज नवे पुलं जन्माला येतात, त्यांनी कधीही न लिहिलेले विनोद त्यांच्या नावावर फिरतात. त्यांतले काही इतके सुमार असतात की ते वाचून पुलंनी स्वतःच पोलिसात तक्रार दिली असती.

नवी उदाहरणं नाहीत असं नाही. 2015 मध्ये दुष्काळात शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम' ही संस्था उभी केली. अनासपुरे तर आजच्या मराठी सिनेमाचा हुकमी विनोदी नट, आणि मराठवाड्याचा. त्याच्या विनोदातली बोली आणि ज्या माणसांना मदत गेली त्यांची बोली एकच आहे. हे पुलंच्या वाट्याला आलं नव्हतं. तिथे चेहरा पुढे आहे, तो असायलाच हवा होता. काळ वेगळा, गरज तातडीची.

आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, खगोलशास्त्राची संस्था. तिथे शाळकरी मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची, भिंग धरून बघायचं, मोडून जोडायचं. देशपांडे दांपत्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचं नाव आहे 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधला एक तारा. मी तिथे गेलो तेव्हा पाचवी-सहावीतली पोरं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून काहीतरी करत बसली होती. मी एकाला विचारलं, पुलस्त्य म्हणजे काय रे? तो म्हणाला, तारा. मी म्हटलं, त्यात आणखी कुणाचं नाव आहे का? त्यानं माझ्याकडे पाहिलं, 'नाही' म्हणाला, आणि परत काड्या जोडायला लागला.

माझी वेळ झाली असं समोरून खुणावताहेत. प्रश्न असतील तर घेऊ या. तिथे मागे, हं, बोला.